काढून ठेवलेला खटका

घुग्घुसच्या कोळशाच्या खाणीत गुणवंतराव पिंपळशेंडे इलेक्ट्रिक फोरमन होते. विजेच्या कामात त्यांचा हात धरणारा माणूस पार चांद्यापर्यंत नाही, असं लोक म्हणत, आणि लोक तसं म्हणतात हे गुणवंतरावांना चांगलं ठाऊक होतं. पंप बंद पडला की ते मुद्दाम सावकाश चालत यायचे. चार माणसं वाट पाहत उभी असली म्हणजे त्यांना बरं वाटायचं. माणूस वाईट नव्हता. कामाला चोख, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण कौतुकाची चटक लागलेली, आणि ती चटक दारूपेक्षा चिवट.

छप्पन सालची दिवाळी झाली आणि पेट्रोलची टंचाई पडली. दूर कुठेतरी सुएझचा कालवा बंद झाला होता म्हणे. घुग्घुसात त्याचा अर्थ एवढाच, की खाणीच्या दवाखान्याची जीप शेडमध्ये उभी राहिली आणि मनकर्णाबाई पायी हिंडू लागल्या. मनकर्णाबाई दवाखान्यातल्या नर्स. माहेर मूलचं, नवरा लवकर गेलेला, वय चाळिशीच्या अलीकडे. नकोडा असो, उसगाव असो, शेणगाव असो, कुणाचं बाळंतपण अडलं की बाई पिशवी खांद्याला लावून निघायच्या. बैलगाडी मिळाली तर मिळाली, नाहीतर पायगाडी.

एकदा त्या वर्कशॉपच्या माठावर पाणी प्यायला थांबल्या. पाय सुजून टम्म झालेले. गुणवंतरावांना खरोखरच वाईट वाटलं.

"बाई, मी तुमच्यासाठी बॅटरीवर चालणारी गाडी बनवतो," ते म्हणाले. आजूबाजूला माणसं उभी होती, म्हणून शब्द जरा मोठ्यानंच निघाला.

शब्द गुणवंतरावांचा, पण गाडीचा जीव बाबूभाईच्या हातात होता. बाबूभाई खाणीचा वायंडर, म्हणजे जळालेल्या मोटरीत तांब्याची तार नव्यानं गुंडाळणारा कारागीर. राजुऱ्याचा माणूस, काम शिकला सिकंदराबादेत. बोलणं कमी. भंगारात जुन्या विंचची, म्हणजे डबे ओढायच्या यंत्राची, एक मोटर पडली होती, ती त्यानं धुऊनपुसून टेबलावर घेतली आणि बारीक तार काढून तिच्या जागी जाड तारेचे मोजकेच आटे भरायला घेतले. लॉरीच्या चार बॅटऱ्या मिळणार होत्या. बारा-बारा व्होल्टच्या चार, म्हणजे सगळ्या मिळून अठ्ठेचाळीस.

"गुणवंतभाऊ, चार बॅटऱ्या म्हणजे चार घागरी पाणी समजा," बाबूभाई म्हणाला. "जोरात धावायचं तं घागर लवकर रिती होते. चढ चढायचा, ओझं न्यायचं, तं ताकद पायजे. येवढ्याशा मोटरीत दोन्ही एकदम भेटत नाई. बाईले काय पायजे ते पहिले ठरवा."

"ताकद," गुणवंतराव म्हणाले. "बाईले कुठी शर्यत लावायची आहे?"

मग ताकदीच्या हिशेबानं सगळं जमवलं. मोटरीवर अकरा दात्यांचं लहान चाक, मागच्या आसावर मोठं, मधे चेन. मोटर जास्त फिरणार, गाडी कमी धावणार, पण चढावर दम सोडणार नाही. वेग कमीजास्त कसा करायचा यावर दोघांचा आठ दिवस वाद चालला. गुणवंतरावांचं म्हणणं, लोखंडी तारेच्या वेटोळ्यातून करंट सोडावा, सोपं काम. बाबूभाई म्हणे, वेटोळं तापून लाल होते, अर्धी बॅटरी शिटाखालची हवा गरम करण्यात जाते. शेवटी मधला रस्ता काढला. पायाखाली एक पट्टी. थोडी दाबली की वेटोळ्यातून चोवीस व्होल्ट, गाडी नुसती हलायपुरती. आणखी दाबली की वेटोळं वगळून चोवीस. पूर्ण दाबली की चारी बॅटऱ्या एका रांगेत, अठ्ठेचाळीस. दर टप्प्याला तांब्याची दोन बोटं एकमेकांवर टेकायची, पाय काढला की स्प्रिंगनं सुटायची.

आणि बाबूभाईनं स्वतःच्या मनानं आणखी एक गोष्ट केली. चालवणाऱ्याच्या डाव्या हाताशी, शिटाच्या कडेला, तांब्याच्या पात्याचा एक मोठा खटका बसवला. तो ओढला की बॅटरीचा सगळा संबंध तुटणार.

"हे काऊन?" गुणवंतरावांनी विचारलं.

"तांब्याची बोटं आहेत ती. जास्त करंट गेला तं एकमेकाले चिकटून जातात, वेल्डिंग केल्यासारखी. मग पाय काढून काय होते? गाडी चालूच राहते. तवा हा ओढायचा." त्यानं मनकर्णाबाईंना बोलावून दहादा तो खटका ओढायला लावला, डोळे मिटूनसुद्धा.

नाताळाच्या सुमारास गाडी सुरू झाली. वरती पत्र्याचं छत, मोटरसायकलची चार चाकं, बसायला पुढे दोघं, मागे एक आडवा बाक. ताशी बारा मैल. आवाज नाही म्हणून पोरंटोरं तिला मुकी गाडी म्हणू लागली. बाई ती घेऊन नकोड्याला जाऊन आल्या, तेव्हा अख्खा बाजार उभा राहून पाहत होता. गुणवंतराव मागून सायकलवर, मान ताठ करून.

इथपर्यंत सगळं बरं होतं. मग खाणीच्या मॅनेजरनं निरोप पाठवला, की सव्वीस जानेवारीला कलकत्त्याहून मोठे साहेब येणार आहेत, त्यांना गाडीत बसवून फिरवायचं. मॅनेजर स्वतः एक चक्कर मारून आला आणि उतरताना हसून म्हणाला, "पिंपळशेंडे, यापेक्षा माझी सायकल बरी धावते!"

सहज बोलला तो. पण गुणवंतरावांच्या ते काळजात रुतलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मोटरीवरचं अकरा दात्यांचं चाक काढून पंधरा दात्यांचं बसवलं. गाडी सोळा मैलांनी धावायला लागली. बाबूभाईनं पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"भाऊ, आता तीच मोटर, तोच चढ, अन् दम लावायले दाते जास्त. दीडपट करंट ओढते ती. तांब्याची बोटं तेवढ्यासाठी नाईत. एक तं बोटं मोठी बसवू, नाई तं जुनं चाक लावा."

"सव्वीस तारीख होऊ दे, मग पाहू."

चाचणीत फ्यूज दोनदा उडाला. बाबूभाई म्हणाला, "फ्यूज खरं बोलून राह्यला." गुणवंतरावांनी फ्यूजची तार दुहेरी केली. फ्यूज उडायचा थांबला.

पंचवीस तारखेला संध्याकाळी ते गाडी पुसत होते. सगळी गाडी हिरव्या रंगात चकचकीत, आणि शिटाजवळ ते उघडं तांब्याचं पातं, भंगारातून उचलल्यासारखं. मोठ्या साहेबाचं पांढरं धोतर त्याला लागायचं, साहेब विचारायचा हे काय, आणि मग सांगावं लागायचं की गाडी कधी कधी थांबत नाही. गुणवंतरावांनी पाना घेतला. दोन बोल्ट काढले, तारा आतून जोडून टाकल्या आणि खटका आपल्या टेबलाच्या खणात ठेवला. दोन मिनिटांचं काम. कुणाला सांगितलं नाही.

सव्वीस जानेवारी थाटात पार पडली. मोठ्या साहेबांनी गुणवंतरावांच्या पाठीवर हात ठेवला, फोटो निघाला. फोटोत बाबूभाई नव्हता. त्याला कुणी बोलावलंच नव्हतं. पुढे आठ दिवस जो तो गाडीच्या वेगाबद्दल बोलत होता. आता जुनं चाक लावायचं म्हणजे वेग गेला. उद्या करू, परवा करू. खटकाही तसाच खणात राहिला. बाबूभाई त्या दिवसांत पंपाच्या मोटरीत गुंतला होता, त्याला कळलं नाही; आणि मनकर्णाबाईंना तो ओढायची वेळ कधी आलीच नव्हती, म्हणून त्यांच्याही ध्यानात आलं नाही.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात शेणगावहून सांगावा आला. सोमारी नावाची खाणीत टोपल्या वाहणारी गोंड बाई बाळंत होऊन पाच दिवस झाले होते, आणि ताप उतरत नव्हता. मनकर्णाबाई गाडी घेऊन गेल्या. परतताना मागच्या बाकावर सोमारी, तिचं बाळ आणि तिची आई. नाल्याचा चढ लागला. बाईंनी पट्टी पूर्ण दाबली. गाडी कण्हत वर चढली, माथ्यावर आली, आणि बाईंनी पाय काढला. गाडी थांबली नाही. पुढे उतार. ब्रेक दाबला तर चाकातून धूर निघाला, पण मोटर काही सोडेना.

उताराच्या शेवटी शाळा सुटलेली पोरं रस्त्यावर होती. आवाज नसलेली गाडी मागून येते आहे हे त्यांना कसं कळावं? बाईंनी गाडी डाव्या हाताला शेताच्या धुऱ्यावर, बांधावर घातली. गाडी उलटली. सोमारी, तिची आई, बाळ तुरीच्या पेंढ्यांवर फेकले गेले, खरचटण्यावर निभावलं. मनकर्णाबाईंचा उजवा गुडघा शिटाच्या लोखंडाखाली चुरला.

गुणवंतराव धावत पोचले तेव्हा बाईंना खाटेवर घालून नेलं होतं. उलटलेल्या गाडीचं चाक अजून गरगर फिरत होतं. त्यांनी झाकण उघडून बॅटरीची तार उपटली. तांब्याची दोन बोटं एकजीव झालेली होती. त्यांनी ती पाहिली आणि तिथेच ढेकळावर बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरच्या ऑफिसात चौकशी झाली. गुणवंतराव उभे, शेजारी बाबूभाई. मॅनेजरनं विचारलं, "असं का झालं?"

रात्रभर गुणवंतरावांनी मनाशी ठरवलं होतं की खरं सांगायचं. पण मॅनेजरच्या मागच्या भिंतीवर तो फोटो लावलेला होता, साहेबाचा हात त्यांच्या पाठीवर असलेला. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"वायंडिंगमध्ये शॉर्ट झाला असेल, साहेब. आतून आटे एकमेकाले लागले की मोटर भलताच करंट ओढते. त्यानं कॉन्टॅक्ट चिकटले."

खोटं असं बेमालूम, की शिकलेल्या माणसालाही पटावं. असं होऊ शकतं. झालं मात्र नव्हतं. बाबूभाईनं वळून त्यांच्याकडे पाहिलं. रागानं नाही, ऐकण्यात चूक तर झाली नाही ना, अशा नजरेनं.

"मोटर खोलून पाहा, साहेब," तो एवढंच म्हणाला.

मॅनेजरला वर लवकर कळवायचं होतं. मोटर कुणी खोलली नाही. बाबूभाईला आठ दिवसांत काम सोडायला सांगितलं.

जायच्या दिवशी त्याची बायको खैरुन गुणवंतरावांच्या घरी आली. गुणवंतरावांच्या बायकोचा, रुखमाबाईंचा, आणि तिचा चांगला घरोबा. दोघी ओसरीवर रडल्या. "भाऊ घरी नाईत काय?" खैरुननं विचारलं. गुणवंतराव आतल्या दाराआड श्वास धरून उभे होते. रुखमाबाईंनी दाराकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "नाई, कामावर गेले." खैरुन गेल्यावर त्यांनी नवऱ्याला काही विचारलं नाही. ताट वाढलं, आणि स्वतः न जेवता लुगडी धुवायला विहिरीवर निघून गेल्या.

मार्चअखेर मनकर्णाबाईंना चांद्याच्या दवाखान्यातून आणलं. गुडघा आता कधीच वाकणार नव्हता. त्यांनी गुणवंतरावांना बोलावून घेतलं. बाई खिडकीशी खुर्चीवर, पाय स्टुलावर सरळ. आवाजात तक्रार नव्हती, त्यामुळे तर बसणं आणखी अवघड झालं.

"गुणवंतभाऊ, एक गोष्ट विचारायची होती. बाबूभाईनं मले तो खटका दाखवला होता ना, डाव्या हाताशी? उतारावर मी हात नेला. एकदा नेला, दोनदा नेला. हाताले काहीच नाई लागलं. डोळे मिटून ओढत होती मी तो, आठवते तुमाले? अन् बरोब्बर टायमाले मले सापडला नाई. पोरंही समोर दिसून राह्यली होती. मी घाबरून गेली असन. माझाच हात चुकला, हो ना?"

आता सांग, असं गुणवंतरावांच्या आत कुणीतरी ओरडत होतं. त्यांनी ओठ उघडले.

"मले... मले काही सांगता येत नाई, बाई. घाईत होते असं."

बाईंनी मान हलवली. "तेच वाटलं मले," त्या म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या.

घरी येताना गुणवंतराव बाजाराच्या रस्त्यानं आले नाहीत, कोळशाच्या ढिगांमागून आले. बाबूभाईवर घेतलेला आळ एक होता; पण ही बाई स्वतःचा पाय गमावून वर स्वतःलाच दोष देत बसली होती, आणि त्यांनी तिला "घाईत होते" म्हणून तो दोष पक्का करून दिला होता. त्यांना स्वतःच्या जिभेची किळस आली.

त्यानंतर त्यांना एकच नाद लागला. कुणास ठाऊक, वायंडिंगमध्ये खरंच शॉर्ट असला तर? तसं निघालं तर आपण बोललो ते खोटं नव्हतं, निदान अर्धं तरी नव्हतं. एका रविवारी दुपारी वर्कशॉप रिकामं पाहून त्यांनी मोडक्या गाडीतली मोटर काढली आणि खोलली. मीटर लावला. दर वेटोळं तपासलं, एकदा सोडून तीनदा. मग भिंग घेऊन एकेक आटा पाहिला. आटे ओळीत बसलेले, एकावर एक चढलेला नाही. वरचा सुती दोरा ताणून बांधलेला, गाठी सगळ्या एकाच बाजूला. तेवढा करंट सोसूनही वार्निश कुठे काळं पडलं नव्हतं. उलट ते जीव ओतून केलेलं कारागिराचं काम होतं, आणि गुणवंतराव त्यात डाग शोधत बसले होते. डाग निघावा म्हणून मनातल्या मनात देवाला नवससुद्धा बोलले होते. ते ध्यानात आलं तेव्हा त्यांना स्वतःच्या सावलीकडेही पाहवेना.

तसेच उठले, हात पुसले आणि भर उन्हात मनकर्णाबाईंकडे गेले.

"बाई, तुमचा हात नाई चुकला." ते उंबऱ्यातच उभे राहिले. "खटका तिथी नव्हताच. मी काढला होता, साहेब येणार म्हणून. बरा दिसत नव्हता. चाकही मीच बदलवलं. बाबूभाईनं दहादा सांगतलं होतं. मोटर आज खोलून पाह्यली, तिच्यात काही नाई."

स्टोव्हवर सुया उकळत होत्या, त्यांचा खडखड आवाज येत होता.

"मागच्या खेपेले विचारलं, तवा हेच माहीत होतं तुमाले?"

"हो."

"दोन महिने मी रोज तो हात नेऊन पाहते, भाऊ. बसल्या बसल्या. झोपेत बी." त्यांनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं आणि मुठीत पदर धरला. "पायाचं जाऊ द्या. पाय काय, कुठूनही मोडते. पण हे तुमी करायले नाई पायजे होतं." मग चेहरा फिरवून म्हणाल्या, "जा आता. अन् ज्याच्यावर घातलं त्याले सांगा. मले काऊन सांगता एकटीले?"

दुसऱ्या दिवशी पाळी बदलायच्या वेळेला, दोन्ही पाळ्यांची माणसं वर्कशॉपपुढे जमलेली असताना, गुणवंतरावांनी खोललेली मोटर टेबलावर मांडली आणि सगळं सांगितलं. जंगू नावाच्या म्हाताऱ्या फिटरनं वाकून वेटोळी पाहिली आणि म्हणाला, "आमाले वाटलंच होतं." बाकीचे डबे उचलून आपापल्या वाटेला लागले. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मॅनेजर मात्र चिडला. कळवून टाकलेलं प्रकरण उकरून काढल्याचा राग त्याला जास्त होता. गुणवंतरावांची फोरमनकी गेली. साधा इलेक्ट्रिशियन म्हणून ठेवलं. बाबूभाईला परत बोलवायला मॅनेजरनं नाइलाजानं होकार दिला.

तो निरोप घेऊन गुणवंतराव चांद्याला गेले. जटपुरा दरवाजाजवळ एका टिनाच्या खोलीत बाबूभाई पंखे दुरुस्त करत होता. गुणवंतरावांनी उभ्या उभ्याच सांगितलं. हात जोडले. बाबूभाईच्या हातातली तार थांबली नाही.

"मले माहीत होतं," तो म्हणाला. "गाडी उलटली त्या दिवशी संध्याकाळी मी तिथी गेलतो. शिटाजवळ दोन भोकं दिसली. खटक्याच्या बुडाखालचा रंग अजून ताजा होता."

"मग चौकशीत बोलला काऊन नाई?"

"वाट पाहत होतो. म्हटलं, भाऊ बोलतील. बारा वर्स एका टेबलावर काम केलं." त्यानं तार तोडली. "तुमी बोलले. पण ते भलतंच बोलले."

गुणवंतरावांनी मॅनेजरचा निरोप सांगितला. बाबूभाईनं मान हलवली.

"नाई येत. राग म्हणून नाई. तिथी आलो तं रोज तुमचं तोंड पाहावं लागन, अन् तुमाले माझं. त्यापेक्षा हे पंखे बरे."

खैरुननं आतून पाण्याचा तांब्या आणून ठेवला. पूर्वी ती चहा दिल्याशिवाय हलू देत नसे. गुणवंतराव पाणी प्यायले, तांब्या पालथा घातला आणि निघाले.

मुकी गाडी पुन्हा कुणी बनवली नाही. पेट्रोल मिळू लागलं, जीप सुरू झाली, पण मनकर्णाबाईंना आता जीपमध्येही चढता येत नव्हतं. मग गावंच त्यांच्याकडे येऊ लागली. सोमारी दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी यायची, पोर बाईंच्या मांडीवर द्यायची आणि दवाखान्याचं अंगण झाडून जायची. गुणवंतराव दिवे दुरुस्त करायला दवाखान्यात जायचे, तेव्हा बाई कामापुरतं बोलायच्या, "हा बल्ब गेला, ते बटन सैल आहे." कधी टाकून बोलल्या नाहीत, कधी बसा म्हणाल्या नाहीत. गुणवंतराव शिडीवर चढायचे, काम करायचे, आणि खाली उतरताना नजर पायऱ्यांवरच ठेवायचे.